घड्याळ नुसतं थरथरतं, पण वेळेवर उठवतं का? स्मार्टवॉचचा सायलेंट मोड नीट समजून घ्या

रात्रीचे साडेबारा वाजलेत. राहुरी किंवा नेवाशाकडची एखादी वस्ती. दोन खोल्यांचं घर, सगळे गाढ झोपलेले. त्यातल्या एकाला एक वाजता उठायचंय, कारण या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे आणि ऊस भरायचाय. मोबाइलचा अलार्म लावला तर तो एकटा उठत नाही, अख्खं घर उठतं. बाळ रडायला लागतं, म्हाताऱ्या आईची मुश्किलीने लागलेली झोप मोडते आणि सकाळी शाळेत जायची पोरगी कूस बदलत राहते.

आता त्याच माणसाच्या मनगटावर दीड-दोन हजारांचं स्मार्टवॉच आहे असं समजा. बरोबर एक वाजता मनगटावर थरथर होते. तो उठतो, टॉर्च घेतो, दार ओढून बाहेर पडतो. घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

ऐकायला किती सोपं आहे ना? पण नेमके इथेच लोक फसतात. "अलार्म लावला होता, पण झालाच नाही." "मोबाइल सायलेंटवर होता, तरी भर कीर्तनात घड्याळ वाजलं." "घरून पाच फोन आले, मनगटाला काहीच कळलं नाही." अशा तक्रारी तुम्हीही ऐकल्या असतील. दर वेळी घड्याळ बिघडलेलं असतं असं नाही. बऱ्याचदा आपण चुकीचं बटण दाबलेलं असतं, किंवा ही थरथर मनगटापर्यंत येते कशी हेच आपल्याला माहीत नसतं.

तर आज तेच समजून घेऊ. आणि शेवटी एक गोष्ट खास आपल्या नगरकरांसाठी, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकरांसाठी: घड्याळ कुठे गप्प ठेवायचं आणि कुठे अजिबात गप्प राहायचं नाही.

सायलेंट, व्हायब्रेट आणि डीएनडी: तीन वेगळ्या गोष्टी

पहिला घोळ इथेच होतो.

सायलेंट मोड म्हणजे घड्याळाचा स्पीकर बंद. बहुतेक घड्याळांत याचा अर्थ आवाज नाही, पण थरथर आहे. काही घड्याळांत मात्र 'व्हायब्रेट' आणि 'म्यूट' असे दोन वेगळे पर्याय असतात. त्यात म्यूट निवडलं तर थरथरही जाते.

व्हायब्रेट म्हणजे फक्त थरथर. आपल्याला हवं असतं ते हेच.

डीएनडी, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब', हा प्रकारच निराळा. यात फोन आणि मेसेजच्या सूचना घड्याळ अडवून ठेवतं. आवाजही नाही, थरथरही नाही. बहुतेक चांगल्या घड्याळांत डीएनडी चालू असताना अलार्म होतो, पण प्रत्येक घड्याळात होईलच असं धरून चालू नका.

थोडक्यात, "कुणाला ऐकू जाऊ नये, पण मला कळावं" असं हवं असेल तर व्हायब्रेट. "मलाही कळू नये" असं हवं असेल तर डीएनडी. चंद्रकोरीचं चिन्ह बहुतेक वेळा डीएनडीचं असतं आणि घंटेचं चिन्ह आवाजाचं. घाईत चंद्रकोर दाबली जाते आणि दिवसभर घड्याळ का थरथरत नाही म्हणून आपण डोकं खाजवत बसतो.

मनगटावर नेमकं होतं काय?

घड्याळाच्या पोटात एक बारीकशी मोटर असते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मोटरच्या दांडीवर एका बाजूला जड असलेलं वजन बसवलेलं असतं. दांडी फिरली की वजनाचा तोल जातो आणि सगळं घड्याळ हादरतं. दुसऱ्या प्रकारात वजन गोल फिरत नाही, तर चुंबकाच्या जोरावर एका रेषेत पुढे-मागे हलतं. पहिला प्रकार स्वस्त, त्याची थरथर जराशी घरघरल्यासारखी आणि सुरू व्हायला क्षणभर वेळ घेणारी. दुसरा प्रकार महाग, पण त्याचा झटका नेमका आणि टोकदार, कुणीतरी बोटाने टिचकी मारल्यासारखा. ऍपलच्या घड्याळांत 'टॅप्टिक इंजिन' म्हणतात ते दुसऱ्या प्रकारातलं.

ही थरथर आपल्याला कळते कशी? आपल्या त्वचेत खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेले सूक्ष्म संवेदक असतात. इटलीच्या फिलिपो पाचिनी यांच्या नावावरून त्यांना पॅसिनियन कॉर्पसल म्हणतात. सेकंदाला साधारण २०० ते ३०० वेळा होणारं कंपन त्यांना सगळ्यात चांगलं कळतं. स्पर्श आणि दाब ओळखणारे पेशींमधले संवेदक शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. उष्णतेचे संवेदक शोधणारे डेव्हिड ज्युलियस त्याच पुरस्काराचे दुसरे मानकरी होते.

या शास्त्राचा आपल्याला उपयोग एवढाच: थरथर जाणवण्यासाठी घड्याळ त्वचेला टेकलेलं हवं. पट्टा बांगडीसारखा सैल असेल तर निम्मी थरथर हवेतच जाते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, पट्टा रुतणार नाही पण घड्याळ सरकणारही नाही, असं बांधा.

कधी कधी याच्या उलटही होतं. घड्याळ थरथरलेलं नसतं, तरी थरथरल्याचा भास होतो. याला फँटम व्हायब्रेशन म्हणतात. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची पाहणी २०१० मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पेजर किंवा फोन वापरणाऱ्या १६९ जणांपैकी ६८ टक्के लोकांनी असा भास होत असल्याचं सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला असं होत असेल तर घाबरू नका. अनावश्यक ऍपच्या सूचना बंद करा, मनगटाला जरा उसंत द्या.

थरथर मनगटापर्यंत येते कशी? साखळी समजून घ्या

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

फोन किंवा मेसेज थेट घड्याळावर येत नाही. सिम असलेली महागडी घड्याळं सोडली, तर सूचना आधी मोबाइलवर येते. मोबाइलमधलं घड्याळाचं ऍप ती उचलतं, ब्लूटूथने घड्याळाला पाठवतं आणि मग घड्याळ थरथरतं. या साखळीतली एक कडी तुटली तरी मनगटाला काही कळत नाही.

शिर्डीचं उदाहरण घ्या. साईबाबांच्या समाधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो आधी बाहेर ठेवावा लागतो. रांगेत आपण पुढे सरकतो आणि मोबाइल मागे राहतो. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर, मध्ये भिंती आल्या की आणखी कमी. म्हणजे मोबाइल ठेवून चार पावलं पुढे गेलात की मनगटावरचं घड्याळ फक्त वेळ दाखवण्यापुरतं उरतं. गर्दीत आई-वडील मागे राहिले आणि त्यांनी कुणाच्या तरी फोनवरून तुम्हाला फोन केला, तरी तुमचं मनगट गप्पच राहणार. म्हणून अशा ठिकाणी घड्याळाच्या भरवशावर राहू नका. आत जाण्याआधीच चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवून ठेवा.

दुसरं उदाहरण शिवारातलं. विहिरीवरच्या मोटरीला आता अनेकांनी सिमकार्ड असलेला मोबाइल स्टार्टर बसवलाय. लाईट आली की तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर कॉल करतो. तो कॉल मनगटावर थरथरायला हवा असेल, तर स्टार्टरला रेंज हवी, घरातल्या मोबाइलला रेंज हवी, मोबाइलमध्ये घड्याळाचं ऍप मागे चालू हवं, ब्लूटूथ जोडलेलं हवं, घड्याळाला चार्जिंग हवं आणि डीएनडी बंद हवं. सहा कड्या. एरवी सगळ्या शाबूत असतात. एखाद्या रात्री एक तुटते आणि नेमकी त्याच रात्री लाईट दोन तास आलेली असते.

यातली सगळ्यात जास्त तुटणारी कडी म्हणजे मोबाइलमधलं ऍप. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ऍप परस्पर बंद करतात. त्यासाठी मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळाच्या ऍपचं 'बॅटरी ऑप्टिमायझेशन' बंद करा आणि 'नोटिफिकेशन ऍक्सेस' चालू आहे का ते बघा. अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच मिटाव्यात.

अलार्म घड्याळात लावलाय की मोबाइलमध्ये?

आता सुरुवातीच्या माणसाकडे परत येऊ. त्याला एक वाजता उठायचंय. अलार्म कुठे लावायचा?

उत्तर: घड्याळातच.

मोबाइलच्या घड्याळ ऍपमध्ये लावलेला अलार्म मोबाइलवर वाजतो. तो स्मार्टवॉचवर थरथरेल की नाही हे घड्याळ आणि मोबाइल कोणत्या कंपनीचे आहेत त्यावर अवलंबून आहे. स्वस्त घड्याळांत बहुधा थरथरत नाही. पण घड्याळाच्या स्वतःच्या अलार्म मेनूत, किंवा घड्याळाच्या ऍपमधून घड्याळासाठी लावलेला अलार्म घड्याळातच साठवला जातो. मग मोबाइल बंद पडला, ब्लूटूथ तुटलं, रेंज गेली तरी तो ठरल्या वेळी थरथरतो. वरच्या साखळीतल्या सगळ्या कड्या वगळून फक्त एकच उरते, घड्याळाचं चार्जिंग.

हा एवढा फरक लक्षात राहिला तरी लेख वाचल्याचं सार्थक झालं.

सेटिंग कसं करायचं?

ऍपल वॉच: घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये 'साउंड्स अँड हॅप्टिक्स' उघडा आणि 'सायलेंट मोड' चालू करा. खाली हॅप्टिकच्या पर्यायात 'प्रॉमिनंट' निवडलं की थरथर जास्त ठळक होते. कंट्रोल सेंटरमधल्या घंटेच्या चिन्हानेही सायलेंट चालू-बंद होतं. दोन बारकावे ध्यानात ठेवा. एक, सायलेंट असलं तरी घड्याळ चार्जरवर असेल तर अलार्मचा आवाज होतो. म्हणजे घर झोपलेलं असताना उठायचं असेल तर घड्याळ हातातच हवं. दोन, तुम्ही आयफोन हातात घेऊन वापरत असाल तर सूचना फोनवरच दिसते, मनगटावर येत नाही. तो बिघाड नव्हे.

सॅमसंग गॅलॅक्सी वॉच: सेटिंग्जमध्ये 'साउंड्स अँड व्हायब्रेशन' उघडा. साउंड मोडमध्ये आवाज, व्हायब्रेट आणि म्यूट असे तीन पर्याय दिसतील. व्हायब्रेट निवडा, म्यूट नको. तिथेच थरथर किती जोराची आणि किती लांब हवी तेही ठरवता येतं.

नॉइज, बोट, फायर-बोल्ट यांसारखी घड्याळं: यांत दोन जाती आहेत. ज्यांच्यात कॉलिंग नाही, त्यांतल्या बहुतेकांना स्पीकरच नसतो. ती थरथरण्यापलीकडे काही करूच शकत नाहीत, त्यामुळे प्रश्नच मिटला. ज्यांच्यात ब्लूटूथ कॉलिंग आहे, त्यांना स्पीकर असतो आणि कीर्तनात वाजतात ती हीच. कारण मोबाइल सायलेंट केला म्हणजे घड्याळ सायलेंट झालं असं नाही. घड्याळाचा स्वतःचा आवाज वेगळा बंद करावा लागतो. स्क्रीनवर वरून खाली बोट ओढलं की बहुतेक घड्याळांत स्पीकरचं किंवा घंटेचं चिन्ह सापडतं. थरथरीचा जोर मात्र बऱ्याचदा सेटिंगमध्ये आत दडलेला असतो. तो सगळ्यात वर नेऊन ठेवा.

या कॉलिंगवाल्या घड्याळांची आणखी एक गंमत. मोबाइलशी त्यांची अनेकदा दोन वेगळी ब्लूटूथ जोडणी असते, एक सूचनांसाठी आणि एक कॉलच्या आवाजासाठी. मोबाइल बंद करून चालू केला की कधी एकच जोडली जाते. मेसेज येतात, पण कॉल येत नाही, किंवा उलटं. असं झालं तर ब्लूटूथच्या यादीत घड्याळाची दोन्ही नावं जोडलेली आहेत का ते बघा.

झोपेतून उठायचंय? मग या चार गोष्टी करा

पहिली, चार्जिंगची वेळ बदला. आपण रात्री मोबाइलबरोबर घड्याळही चार्जिंगला लावतो. पण मग ते मनगटावर राहत नाही. संध्याकाळी जेवताना किंवा बातम्या बघताना चार्ज करून घ्या आणि झोपताना हातात घाला.

दुसरी, पट्टा झोपेआधी एकदा नीट आवळा. हात उशीखाली घालून झोपायची सवय असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात घालून बघा.

तिसरी, एकच अलार्म न लावता पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन लावा. मेंदूला एकाच थरथरीची सवय होते आणि काही दिवसांनी आपण झोपेतच बटण दाबून मोकळे होतो.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, आधी परीक्षा घ्या. ज्या दिवशी उशीर झाला तरी बिघडत नाही अशा दोन-तीन दिवशी फक्त घड्याळावर उठून बघा. जमलं तर पुढे. आणि सकाळची गाडी, मुलाखत, दवाखान्याची वेळ असं काही असेल तर घड्याळानंतर पाच मिनिटांनी मोबाइलचा आवाजी अलार्मही लावा. घड्याळाने उठलात तर तो बंद करायला तुम्ही जागे असालच. नाही उठलात तर घर उठेल, पण गाडी चुकणार नाही.

दाराबाहेर पडलात की गप्प राहू नका

आता ती नगरची खास गोष्ट.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. प्रवरा-मुळेच्या पट्ट्यात ऊस, आणि उसात बिबट्या. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला बिबट्यांचा अभ्यास २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, शेती आणि दाट वस्ती असलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे असल्याचा त्यांचा अंदाज निघाला. तेही माणसांच्या घरांपासून फार लांब नाही.

अशा भागात रात्री भरणं करायला जाणाऱ्यांना वनविभाग काय सांगतो? एकटे जाऊ नका, टॉर्च आणि काठी ठेवा, मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा. म्हणजे आवाज करा. माणूस येतोय हे कळलं की बिबट्या सहसा बाजूला होतो. खाली वाकून दारं धरणारा माणूस एकटा आणि गप्प असेल तर धोका वाढतो.

म्हणून घरात झोपताना घड्याळ व्हायब्रेटवर, पण चप्पल घातली की मोबाइलचा आवाज पूर्ण वर. हे दोन्ही एकाच माणसाने, एकाच रात्री करायचं आहे. बांधावर गेल्यावर मोबाइल खिशात सायलेंट राहिला, तर घरून कुणी सावध करायला केलेला फोन फक्त मनगटावर थरथरेल. हात चिखलात आणि हातात फावडं असताना ती थरथर कळेलच याची खात्री नाही.

खरा उपाय अर्थात घड्याळात नाही. शेतीला दिवसा वीज मिळाली तर एक वाजताचा अलार्मच लागणार नाही. त्यासाठीची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. तिच्या सुरुवातीच्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी एक आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. तुमच्या फीडरवर दिवसाची वीज पोहोचेपर्यंत मात्र रात्रीची काळजी आपल्यालाच घ्यावी लागणार.

आणखी एक आवाज घड्याळावर सोपवू नका. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात अनेकांचे मोबाइल अचानक मोठ्याने केकाटले होते, आठवतं? ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. सेल ब्रॉडकास्ट नावाची ही यंत्रणा टॉवरच्या परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम इशारा देते, आणि तातडीचा इशारा फोन सायलेंट असला तरी वाजू शकतो. तो घड्याळावर येईलच असं नाही. म्हणून मोबाइलच्या सेटिंगमधले 'इमर्जन्सी अलर्ट' चालू ठेवा आणि पावसाळ्यात नदीकाठी राहत असाल तर रात्री मोबाइल पूर्ण बंद करू नका.

सायलेंट असलं तरी चालत नाही, अशा दोन जागा

परीक्षा हॉल: "सायलेंटवर आहे सर" हे उत्तर चालत नाही. नीटसारख्या परीक्षेत तर कुठलंच घड्याळ आत नेता येत नाही, एमपीएससीतही स्मार्टवॉचला बंदी असते. घड्याळ घरी ठेवा, वेळ हॉलमधल्या घड्याळात बघा.

दुचाकी: नगर-मनमाड रस्त्यावर ट्रकच्या मागे गाडी असताना मनगट थरथरलं की नजर आपोआप खाली जाते. ती एक नजर महागात पडू शकते. गाडी चालवताना डीएनडी लावा. फोन करणारा पुन्हा करेल.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी

आपल्याला थरथर ही सोय वाटते. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी ती गरज आहे. अलार्म, फोन, घरच्यांची हाक, हे सगळं त्यांना मनगटावरून कळू शकतं. अशा कुणाला घड्याळ घेऊन देणार असाल तर स्क्रीन किती मोठी, कॉलिंग आहे का, हे नंतर बघा. आधी दुकानातच ते त्यांच्या हातात घालून थरथर लावून बघा. जोर कमी-जास्त करता येतो का आणि थरथर किती वेळ टिकते ते तपासा. त्यांच्यासाठी घड्याळाची खरी किंमत त्यावर ठरते.

तर आज रात्री झोपण्याआधी एवढं करा. अलार्म घड्याळातच लावलाय ना, चंद्रकोर बंद आहे ना, पट्टा नीट आहे ना आणि चार्जिंग पुरेल ना, हे बघा. आणि घरात रात्रीच्या भरण्याला जाणारं कुणी असेल तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. घरात घड्याळ गप्प ठेवा म्हणावं, पण शिवारात गाणी जोरात लावा.